खर्चाचा रकाना १.११

२०२१ चा जुलै. चर्चच्या तळघरात पंखा नुसताच गरगरत होता आणि रेव्हरंडबाईंनी बुटाचं खोकं माझ्यापुढे पालथं केलं. पेट्रोलच्या पावत्या, पिझ्झाच्या पावत्या, एका मोटेलचं तीन रात्रींचं बिल, नॅपकिनवर लिहिलेले आकडे. "यातलं सरकारकडून काय काय मिळेल?" त्यांनी विचारलं.

मी मिरजेच्या एका पतसंस्थेत अकरा वर्षं कॅश आणि लेजर सांभाळलेली बाई. पावत्यांचं खोकं मला नवं नव्हतं, आमचे वसुलीवाले असंच आणून टेबलावर ओतायचे. नवं होतं ते मोटेलचं बिल. एका पोराच्या दारावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्याच्या आईला आणि दोन बहिणींना तीन रात्री गावाबाहेर ठेवलं आणि तेवढ्या वेळात रेव्हरंडबाईंची माणसं दोन्हीकडच्या पोरांशी बोलत राहिली. चौथ्या दिवशी मायलेकी घरी परतल्या. बिल २६७ डॉलर.

ते बिल कधीच मिळालं नाही. करार सुरू व्हायच्या आधीची तारीख होती. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: कराराआधीचा खर्च, काम कितीही पुण्याचं असलं तरी, बहुतेक अनुदानांत धरत नाहीत. सहीला उशीर होणार असं दिसलं की अमुक तारखेपासूनचा खर्च ग्राह्य धरू असं पत्र लेखी मागून घ्या. तोंडी 'हो' म्हणणारा अधिकारी चार महिन्यांनी त्या खुर्चीत नसतो.

हे लिहायचं कारण आमच्या मंडळाची दिवाळी. फराळाच्या टेबलाशी मी कुणाला तरी हे सांगत होते, तर शेजारची म्हणाली ती तिच्या शहराच्या आरोग्य मंडळावर आहे. दुसरी रुग्णालयात ट्रॉमाची नर्स. दोघींचा प्रश्न एकच: वस्तीतला गोळीबार थांबवणाऱ्या कामाला सरकारी पैसा मिळवायचा आणि सांभाळायचा कसा? मी राहते न्यू जर्सीत, एका मध्यम शहराजवळ. शहराचं नाव घेत नाही, पुढे तक्रारी येणार आहेत.

साथीचा पैसा गोळीबाराला का

आमचं अनुदान आलं ते कोविडच्या संघीय मदतनिधीतून, म्हणून हा प्रश्न आम्हाला विचारला जायचाच, तेव्हा उत्तर आकड्यांत तयार ठेवलं होतं. २०२० मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४५,२२२ माणसं गेली, त्यातल्या १९,३८४ हत्या. २०१९ च्या तुलनेत बंदुकीने होणाऱ्या हत्यांचा दर एका वर्षात जवळपास ३५ टक्क्यांनी चढला. त्याच वर्षी १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक ठरलं. कोविड आणि हा चढ एकाच वर्षात आले, इतकं सांगून मात्र भागत नाही. दुवा दाखवावा लागतो.

आमच्या अर्जाचा पहिला मसुदा एका कॉलेजच्या पोराने लिहिला होता. चार पानं, अन्यायाच्या इतिहासावर. वाचायला सुरेख, गुण मात्र शून्य मिळाले असते. मी तो बाजूला ठेवला आणि रेव्हरंडबाईंना विचारलं, "मार्च २०२० मध्ये नेमकं काय काय बंद पडलं?" त्या बोटांवर मोजत सांगायला लागल्या. शाळा. बास्केटबॉलचं मैदान. पोरांच्या उन्हाळी नोकऱ्या. आणि सगळ्यात वाईट, रुग्णालयाचं दार. गोळी लागलेल्याच्या खाटेशी पहिल्या काही तासांत आमचा माणूस पोचला तर सूड घ्यायला निघालेले मित्र थांबवता येतात. कोविडमध्ये आमच्या माणसांना 'भेटायला आलेले' धरून गेटवरच अडवलं. हेच अर्जात लिहिलं: काय बंद झालं, त्यानंतरच्या बारा महिन्यांत या चार चौकांत किती जणांना गोळ्या लागल्या, म्हणून ही सहा माणसं, या वेळेला, या चौकांत. ट्रेझरीचा, म्हणजे हा निधी वाटणाऱ्या संघीय अर्थखात्याचा, नियम दोनच गोष्टी विचारत होता. साथीने नुकसान काय झालं, आणि उपाय त्या नुकसानीला धरून आणि बेताचा आहे का. दीड पानात बसलं.

(पुढच्या साथीत तुमच्यावर ही वेळ आलीच, तर पहिल्याच आठवड्यात आरोग्य खात्याकडून तुमच्या माणसांना 'अत्यावश्यक कर्मचारी' असल्याचं पत्र मिळवा. आम्ही ते सात महिन्यांनी मिळवलं.)

आरोग्य खात्यातल्या माणसाशी बोलताना गॅरी स्लटकिन यांचं नाव उपयोगी पडतं. हे साथरोगतज्ज्ञ. सॅन फ्रान्सिस्कोत क्षय, सोमालियात कॉलरा, मग जागतिक आरोग्य संघटनेत एड्स, असं काम करून ते अमेरिकेत परतले आणि १९९५ मध्ये शिकागोत हिंसेकडे साथ म्हणून बघायला लागले. त्यांचा कार्यक्रम २००० मध्ये वेस्ट गारफिल्ड पार्क या वस्तीत सुरू झाला. संसर्ग कुठून कुठे जातो ते शोधा, मधे कुणी तरी उभं करा, आणि ते 'कुणी तरी' त्याच वस्तीतलं असू द्या. मला हे कळायला पुस्तक लागलं नाही, आशाताई आठवल्या. मिरजेत शहरातून आलेल्या डॉक्टरला दार न उघडणारं घर आशाताईला आत घेऊन चहा देतं. इथला 'व्हायलन्स इंटरप्टर' म्हणजे तीच ओळख, फक्त याने पूर्वी स्वतः तुरुंग पाहिलेला असतो. पोरं त्याचं ऐकतात ती त्याच कारणाने.

पैसा कोणता ते आधी ओळखा

गावाकडे ग्रामपंचायतीत बसलेल्यांना हे लगेच समजेल. वित्त आयोगाच्या निधीत बंधित आणि अबंधित असे दोन भाग असतात, आणि सरपंचाशी बोलायच्या आधी शहाणा माणूस ग्रामसेवकाला विचारतो की अबंधित किती शिल्लक आहे. इथेही तसंच.

११ मार्च २०२१ ला अमेरिकन रेस्क्यू प्लॅनवर सही झाली. कायदा एकंदर १.९ ट्रिलियन डॉलरचा, त्यातले ३५० अब्ज थेट राज्यं, काउंटी, शहरं आणि आदिवासी राष्ट्रांच्या हातात. २३ जूनला बायडन यांनी जाहीरच सांगितलं की शहरांनी हा पैसा वस्तीपातळीवरच्या हिंसा-प्रतिबंधाला वापरावा. ट्रेझरीच्या हिशेबाच्या तक्त्यात या कामाला स्वतःचा रकाना होता. सुरुवातीला ३.१६, म्हणजे जास्त झळ बसलेल्या वस्त्यांच्या सेवांत. अंतिम नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला आणि रकाना झाला १.११, म्हणजे सार्वजनिक आरोग्यात. बाहेरच्याला हा नुसता क्रमांक वाटेल. पण रकाना हलला तशी वस्ती जनगणनेच्या अमुक गरीब पट्ट्यात बसते का, हे सिद्ध करत बसायची कटकट गेली. मी त्या दिवशी घरी शिरा केला.

आता अबंधित. अंतिम नियमाने प्रत्येक शहराला मुभा दिली की महसूल बुडाला असं गृहीत धरून १ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम सर्वसाधारण सरकारी सेवांसाठी घ्या, अहवालही सुटसुटीत. त्याचा रकाना ६.१. छोट्या शहरांचा जवळजवळ सगळाच पैसा त्यात मावला. तेव्हा शहराच्या वित्त अधिकाऱ्याला भेटाल तेव्हा "गोळीबारासाठी पैसे आहेत का" असं विचारू नका, तो 'नाही'च म्हणेल. ३१ डिसेंबर २०२४ आधी, हा पैसा बांधायचा बाकी होता तेव्हा, आम्ही विचारलं: "१.११ मध्ये किती दाखवलंय, आणि ६.१ मधलं अजून कशाला बांधलेलं नाही ते किती?" आमचा अधिकारी खुर्चीत नीट बसला ते हा प्रश्न ऐकून. अडीच लाखांवर वस्ती असलेल्या शहरांना दरवर्षी याचा अहवाल जाहीर करावा लागत होता. तो आधी वाचून गेलो. काउंटीचा हिस्सा वेगळा होता आणि तिकडे कुणी फिरकत नव्हतं, म्हणून तिकडेही जाणं शहाणपणाचं होतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: याच नियमाखाली, गोळीबार वाढलेल्या ठिकाणी पोलिसांवरही खर्च करता येत होता. म्हणजे ताट एकच आणि पंक्तीला तुमच्याआधी बसलेला मोठा भाऊ. त्याच्याशी भांडून काही मिळत नाही, हे माझं मत. रेव्हरंडबाईंचं वेगळं आहे. न्यूअर्कने २०२० च्या जूनमध्ये सार्वजनिक सुरक्षेच्या बजेटचे ५ टक्के हिंसा-प्रतिबंधाच्या कार्यालयाकडे वळवायचा ठराव केला, पण तिथे महापौर रास बराका स्वतः या कामात वर्षानुवर्षं होते आणि त्यांची स्ट्रीट टीम २०१४ पासून उभी होती. तुमच्या गावात तसं नसेल तर बजेटच्या जाहीर सुनावणीत मिळणाऱ्या तीन मिनिटांत पोलिसांचं नावही काढू नका. एका आईला बोलू द्या, मग एका नर्सला, मग तुम्ही फक्त आकडा सांगा आणि बसा.

बाकीचे झरे थोडक्यात. 'व्होका' हा गुन्ह्याच्या बळींसाठीचा निधी. तो करांतून येत नाही, संघीय गुन्ह्यांच्या दंडातून येतो, आणि बळींच्या सेवेलाच चालतो. खाटेवरच्या जखमी पोराशी बोलणं त्यात बसतं, चौकात उभं राहणं बसत नाही. न्यू जर्सीने रुग्णालयांशी जोडलेले कार्यक्रम उभे केले ते या पैशातून. २५ जून २०२२ चा बायपार्टिसन सेफर कम्युनिटीज कायदा, त्यात या कामाला पाच वर्षांसाठी २५ कोटी डॉलर, न्याय खात्यामार्फत. आणि मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्यविमा, त्याबद्दल शेवटी.

कागद

यात रस घेण्यासारखं काही नाही, पण यातच माणसं मार खातात. ५०१-सी-३ चं पत्र (करमुक्त धर्मादाय संस्था असल्याचं), ईआयएन (संस्थेचा कर-क्रमांक), संचालक मंडळाचे ठराव, विमा. सॅम डॉट गव्ह या संघीय सरकारच्या संकेतस्थळावरची नोंदणी अर्जाच्या निदान दोन महिने आधी सुरू करा. तिथे संस्थेचं नाव आयआरएसच्या (कर खात्याच्या) पत्रात आहे तस्सं हवं. आमच्या नावात एक स्वल्पविराम होता, त्याने पाच आठवडे खाल्ले. संस्थेचा ओळख-क्रमांक म्हणून एप्रिल २०२२ पर्यंत डन्स लागायचा, आता यूईआय, तो सॅमच देतं. नोंदणी फुकट असते. ती झाली की 'तुमची नोंदणी संपतेय, ५९९ डॉलर भरा' अशी सरकारी थाटाची पत्रं येऊ लागतात. ती फाडून टाका.

संस्था नोंदलेलीच नसेल तर घाईने नोंदू नका. एखादी जुनी संस्था फिस्कल स्पॉन्सर म्हणून धरा, म्हणजे अनुदान तिच्या नावावर येईल. ती पाच ते दहा टक्के घेईल. द्या. त्यांच्याकडे पेरोल आहे, ऑडिट आहे, आणि मुख्य म्हणजे बँकेत शिल्लक आहे.

विम्याला वेळ ठेवा. आमच्या कामाचं वर्णन ऐकून तीन दलालांनी फोन ठेवला. चौथ्याला 'तरुणांसाठी मार्गदर्शन आणि वादांत मध्यस्थी' असं सांगितलं, जे शब्दशः खरंच आहे.

बजेट

आता माझ्या आवडीचा भाग, जरा सविस्तर सांगते. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे घाला.

सहा माणसं, प्रत्येकी ४५,००० डॉलर, म्हणजे २,७०,०००. त्यावर आरोग्यविमा, पेरोल कर वगैरे धरून २२ टक्के, म्हणजे ५९,४००. एक कार्यक्रमप्रमुख ६२,००० आणि त्यावरचे १३,६४०. झाले ४,०५,०४०. फोन, गाडी, पेट्रोल, विमा आणि आणीबाणीच्या मोटेलच्या रात्री मिळून ३८,०००. समुपदेशक १८,०००. सहभागी पोरांना द्यायचा भत्ता ४०,०००. बेरीज ५,०१,०४०.

समुपदेशक पोरांसाठी नाही, आपल्या सहा माणसांसाठी आहे. रेव्हरंडबाईंनी तो आकडा दोनदा खोडला, "आमच्याकडे प्रार्थना आहे" म्हणून. मी दोनदा परत घातला. आठ महिन्यांत तीन अंत्यविधींना उभ्या राहिलेल्या माणसाला प्रार्थनाही लागते आणि समुपदेशकही. शेवटी समुपदेशकाकडे त्याच सगळ्यांत आधी गेल्या.

मग वरकड खर्च. भाडं, वीज, माझ्यासारखीचा पगार. संघीय नियमात तेव्हा काही सिद्ध न करता सरसकट १० टक्के घेता यायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा १५ टक्के झाली. पण हे टक्के सगळ्या बेरजेवर नाही लावायचे. सहभागींना दिलेला भत्ता त्यातून वगळायचा. म्हणजे ४,६१,०४० वर १० टक्के, ४६,१०४. एकूण ५,४७,१४४ डॉलर. ही चूक मी तीन संस्थांच्या अर्जांत पाहिली. परीक्षकाने ती पकडली की बाकीच्या आकड्यांकडेही तो वाकड्या नजरेने बघतो.

जेवणाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. पाहुणचार म्हणून जेवण चालत नाही. पण उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री चौकात ग्रिल लावून बसणं हे आमचं कामच आहे, त्या चार तासांत त्या चौकात भांडण होत नाही. तेव्हा 'पार्टी' लिहू नका; तारीख, चौक, वेळ, किती जण आले आणि उद्देश लिहा, पावतीला जोडा. बिअरचा एक कॅनसुद्धा त्या पावतीवर नको. आमच्या एका पावतीवर होता, कुणाचा ते अजून कळलेलं नाही, आणि त्या एका कॅनपायी १८६ डॉलरची अख्खी पावती गेली.

गिफ्ट कार्ड म्हणजे रोख. कुलपात ठेवा, वही करा, घेणाऱ्याची सही किंवा आद्याक्षरं घ्या. पतसंस्थेतल्या कॅश-बुकसारखी.

मंजुरीनंतरचे तीन महिने

सगळ्यात जास्त संस्था इथे बुडतात, आणि कुठल्याच प्रशिक्षणात याबद्दल दोन वाक्यांपलीकडे सांगत नाहीत.

शहराचं अनुदान बहुतेक वेळा परतफेडीचं असतं. आधी तुम्ही खर्च करा, महिना संपला की इनव्हॉइस पाठवा, ते तपासतील, मग पैसे. वरच्या बजेटवर हिशेब करा. महिन्याला साधारण ४५,६००. पहिल्या महिन्याचा खर्च, मग इनव्हॉइस पास व्हायला दोन महिने. म्हणजे पहिला चेक येईपर्यंत १,३७,००० डॉलर तुमच्या खिशातून गेलेले असतात. बुटाच्या खोक्यात हिशेब ठेवणाऱ्या संस्थेकडे इतके कुठून येणार?

आमचं दुसरंच इनव्हॉइस एका खात्यात सात आठवडे पडून राहिलं. जिच्या टेबलावर होतं ती बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि तिचं काम कुणालाच दिलेलं नव्हतं. रेव्हरंडबाईंनी चर्चची व्हॅन गहाण टाकून एका पंधरवड्याचा पगार काढला. दुसरा निघाला नाही. आमच्या सहांपैकी सगळ्यात जुन्या माणसाला घरी तीन लेकरं. त्याने गोदामात रात्रपाळी धरली. त्याला दोष देणार कोण? पण दोन गल्ल्यांतली पोरं फक्त त्याचा फोन उचलायची. त्या गल्ल्यांत पुढचे पाच महिने आमचं कुणी नव्हतं असंच समजा. नव्या माणसाला ओळख व्हायला तेवढे लागले.

म्हणून करारावर सही करायच्या आधी, तुमच्याकडे थोडाफार जोर असतो तेव्हाच, ॲडव्हान्स मागा. संघीय नियम आगाऊ रक्कम द्यायला मनाई करत नाहीत, उलट नीट हिशेब ठेवणाऱ्या संस्थेला ती देण्याची वाट त्यांत आहे. 'आमच्या शहरात तशी पद्धत नाही' हे उत्तर मिळेल. म्हणा, नियम दाखवा. आम्ही दुसऱ्या वर्षी दोन महिन्यांची आगाऊ रक्कम घेतली आणि दर महिन्याच्या बिलातून फेडत गेलो. तेही जमलं नाही, तर समाजविकासासाठी कर्ज देणाऱ्या संस्था असतात, मंजुरीपत्रावर पूल-कर्ज देतात. व्याज अनुदानात लावता येत नाही, ते देणगीतून भरायचं. आणि बिल दर महिन्याला, न चुकता. तीन महिन्यांचं एकदम पाठवू असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

फिलाडेल्फियाने २०२१ मध्ये, ज्या वर्षी तिथे ५६२ हत्या झाल्या, छोट्या वस्ती-संस्थांना १ लाखापासून १० लाख डॉलरपर्यंतची अनुदानं दिली. चांगलीच गोष्ट. पण ज्या संस्थेचं अख्ख्या वर्षाचं बजेट ६०,००० आहे तिने पाच लाख मागू नयेत असं मी म्हणेन, देत असले तरी. दीड लाख घ्या, नीट खर्च करा, पुढच्या वर्षी तीन मागा. रेव्हरंडबाई यावर माझ्याशी आजही भांडतात. "पोरं पुढच्या वर्षापर्यंत थांबतील का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. आकडा मात्र मी माझाच घालते.

माणसं घेताना

तुमची सगळ्यात उपयोगी माणसं ती, ज्यांचं चारित्र्य-प्रमाणपत्र सगळ्यात वाईट. शहराच्या छापील करारात एक कलम असतं, गुन्ह्याची नोंद असलेल्याला कामावर घेता येणार नाही. ते वाचा आणि बदलून घ्या, नाहीतर संपूर्ण कार्यक्रम पहिल्याच दिवशी करारभंग ठरेल. पॅरोलवर असलेल्या माणसाला बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या शिक्षा झालेल्यांबरोबर वावरायला बंदी असते, आणि त्याचं कामच ते. पॅरोल अधिकाऱ्याचं पत्र घ्या, त्याची प्रत त्या माणसाच्या पाकिटात हवी. रात्री दोनला पोलिसांनी हटकलं तर संस्थेच्या फाईलीतल्या प्रतीचा काय उपयोग?

टाइमशीटवर भांडणं होतात. "मी चौकात उभा होतो, त्याचं काय लिहू?" हे लिहा: शुक्रवार, रात्री ११ ते पहाटे ३, चौक ब, दोन गटांशी बोलणं, एक वाद मिटला, एक चालू. इतकंच. महिनाअखेरीस अंदाजाने आठ-आठ तास भरलेली टाइमशीट ऑडिटरला लांबूनच ओळखू येते, मलाही.

आणि नावं लिहू नका. कोणाचा कोणाशी वाद, कशावरून, बंदूक कुणाकडे, यातलं काहीही कागदावर, फोनच्या नोटमध्ये, स्प्रेडशीटमध्ये नको. लिहिलेलं कोर्ट मागवू शकतं. आमच्या शहराने सुरुवातीला दर आठवड्याची 'तपशीलवार घटना-यादी' मागितली होती. आम्ही सांगितलं, माहिती एकाच दिशेने वाहील: गोळीबार झाला की पोलिसांनी आम्हाला कळवायचं, आमच्याकडून त्यांना काही जाणार नाही. हे करारात लिहून घेतलं. ज्या दिवशी वस्तीला वाटेल की आमची माणसं बातम्या पोचवतात, त्या दिवशी ती माणसं जिवानिशी जातील, अनुदान राहिलं बाजूला.

अहवालात हत्या अमुक टक्के घटवू असं वचन देऊ नका. सहा माणसं आणि चार चौक यांच्या हातात शहराचा आकडा नसतो. किती वाद मिटवले, किती पोरं सलग तीन महिने संपर्कात राहिली, किती खाटांशी २४ तासांत पोचलो, कितींना नोकरी लागली, हे मोजा.

२०२४ नंतर

रेस्क्यू प्लॅनचा पैसा ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कराराने बांधायचा होता, आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत खर्चायचा. म्हणजे आज नवं त्यातून काही नाही, पण तुमच्या शहराने बांधलेलं एखादं कंत्राट अर्धवट पडलं असेल तर काही बदल करता येतो का, हे विचारायला हरकत नाही. न्याय खात्याच्या भरवशावर असलेल्यांना २२ एप्रिल २०२५ ला दणका बसला. तीनशेहून जास्त अनुदानं एका दिवसात रद्द, कारण काय तर खात्याचा प्राधान्यक्रम बदलला. आमचं त्यात नव्हतं. शेजारच्या एका संस्थेचं होतं, आणि तिची चार महिन्यांची बिलं पाठवायची राहिली होती. दर महिन्याला बिल, असं मी वर म्हटलं ते उगाच नाही.

टिकणारी वाट मेडिकेडची असावी असं मला वाटतं. २०२१ मध्ये कनेक्टिकट आणि इलिनॉय या राज्यांनी कायदा करून हिंसा-प्रतिबंध कर्मचाऱ्याच्या सेवेचे पैसे मेडिकेडमधून द्यायची सोय केली. यात रुग्णालय सोबत हवं, माणूस प्रशिक्षित आणि प्रमाणित हवा, आणि प्रत्येक भेटीची नोंद डॉक्टरच्या नोंदीसारखी. मिळणारे पैसे थोडे, चौकात उभं राहण्याचे तर नाहीतच. पण मेयर बदलला म्हणून बंद होत नाहीत. सहांपैकी दोघांचे पगार जरी तिकडून निघाले तरी पुढच्या इनव्हॉइसला सात आठवडे लागले तर व्हॅन गहाण टाकायला नको.

एक राहिलं. इतर संघीय अनुदानांचे कागद साधारण तीन वर्षं ठेवायचे असतात, रेस्क्यू प्लॅनचे पैसे संपल्यापासून पाच वर्षं. म्हणजे २०३१ पर्यंत धरा. चर्चच्या तळघरात पावसाळ्यात पाणी येतं, म्हणून नऊ खोकी माझ्या गॅरेजमध्ये आहेत, गणपतीच्या मखराशेजारी. नववं बुटाचं आहे. त्यात मोटेलचं ते २६७ डॉलरचं बिल आहे. कुठल्याच रकान्यात बसत नाही, तरी ठेवलंय.